उखा मास्तरांची बशी

माझी नात शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी वही उघडून दाखवते. पानोपानी चकचकीत तारे चिकटवलेले असतात. डबा संपवला म्हणून तारा, रांगेत नीट उभी राहिली म्हणून तारा, एकदा तर शिंकताना तोंडावर रुमाल धरला म्हणूनही तारा. परवा एका ताऱ्यावर बोट ठेवून मी विचारलं, "हा कशाबद्दल गं?"

"काय माहीत, आजोबा. मॅडमनी सगळ्यांनाच दिला," असं म्हणून ती वही तिथेच टाकून खेळायला पळाली.

मी ती वही उचलून कपाटावर ठेवली आणि मला उखा मास्तर आठवले. मास्तर आज असते तर त्यांनी त्या ताऱ्यांकडे बघून तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली असती. बोलले काहीच नसते. न बोलण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि त्या न बोलण्याचं वाईट वाटल्याशिवाय मला त्यांची आठवणही काढता येत नाही.

ही नव्वदनंतरची गोष्ट. सुरतेजवळ कडोदऱ्याला, हायवेच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराचं एक संचा-खातं होतं. सुरतेत मागाला संचा म्हणतात आणि मागांच्या कारखान्याला खातं. मी तिथे मेहताजी होतो. मेहताजी म्हणजे नावाला मोठा माणूस. काम म्हणजे हजेरी मांडणं, तयार झालेला ताका, म्हणजे कापडाचा तागा, मोजून घेणं आणि शेठ आले की उभं राहणं. माझं गाव बुलढाण्याकडचं. अहिराणी मला सुरतेनं शिकवली, कारण खात्यात निम्मे कारीगर खानदेशातले आणि राहायला आम्ही सगळे डिंडोलीत. गल्लीत अहिराणी, बाजारात गुजराती, शेठपुढे हिंदी, असा आमचा तीन ताटांचा संसार होता.

उखा मास्तर त्या खात्याचे मुख्य. संचा बिघडला की तो दुरुस्त करणं, नव्या माणसाला शिकवणं आणि सगळ्यांवर नजर ठेवणं हे त्यांचं काम. अंगानं सडपातळ, कानात कापसाचा बोळा, खांद्यावर टॉवेल, आणि चालणं असं की मागे येऊन उभे राहिले तरी कारीगराला पत्ता लागू नये. त्यांचं नाव खरं उखर्डू. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. गोरीगोमटी लेकरं, ज्यानं त्यानं कौतुक केलं आणि दृष्ट लागली, असं त्यांच्या आईनं पक्कं धरलं होतं. म्हणून ह्यांच्या वेळी तिनं मूल उकिरड्यावर, त्यांच्या बोलीत उखर्ड्यावर, टेकवून उचललं आणि नावही तेच ठेवलं. वाईट नावाच्या पोराकडे मृत्यू कशाला बघतोय! पोर जगलं. आईचा विश्वास खरा ठरला, आणि तो विश्वास लेकाच्या हाडात भिनला.

मास्तर कुणाला चांगलं म्हणत नसत. अगदी कुणालाच नाही. एखाद्यानं बिनडागाचा ताका काढून पुढे ठेवला तर ते कापड बोटांमधून सरकवत, उजेडाकडे धरत, पुन्हा सरकवत, आणि म्हणत, "चालस." बस. चालतं. एवढ्यावर दिवाळी. वाईट कापडाला मात्र त्यांच्याकडे शब्दांची कमतरता नसे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, कधी तरी तोंड भरून शाबासकी द्या की. तुमचं काय जातं?"

ते म्हणाले, "कौतिक कयं का हात ढिला पडस, मेहताजी."

मला वाटलं, हे नुसतं मुकादमी तत्त्वज्ञान आहे. त्यामागे आणखी काही असेल असं तेव्हा मनात आलं नाही.

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही निराळी. नवा माणूस आला की त्याला आधी संच्यासमोर डोळे मिटून उभं करायचे. खात्यातल्या त्या खडखडाटात तो बिचारा भांबावून जायचा. मास्तर कानाशी येऊन म्हणायचे, "आयक. काय म्हनी राह्यना तो?" संचा काय बोलतो ते ऐक! माणसं हसायची. पण हळूहळू ज्याला कान होते त्याला खरंच ऐकू यायला लागायचं. मग दुसरा धडा. जेवणाच्या सुट्टीत मास्तर गुपचूप एखाद्या संच्याचा नट अर्धा आटा ढिला करून ठेवत आणि शिकाऊ माणसाला म्हणत, काही तरी बिघडलंय बघ. काय, कुठे, काही सांगायचं नाही. सापडलं तर "चालस". नाही सापडलं तर उद्या पुन्हा. ह्याला खात्यात मास्तरांची खोडी म्हणत. खोडी शोधायला लावलेला माणूस घरी जाऊन धड जेवत नसे, असं बायका सांगायच्या. पण दुसऱ्या दिवशी तो वेळेच्या आधी हजर असे, आणि ते मला कधी हजेरीच्या धाकानं जमलं नाही.

आणि मग ती बशी.

दुपारचा चहा शेजारच्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, किटलीत यायचा. सगळे काचेच्या ग्लासातून प्यायचे. मास्तरांची मात्र स्वतःची बशी होती. पांढरी, काठाला निळी वेल, एका जागी टवका उडालेला. तिचा कप कधीच फुटून गेला होता. स्विचबोर्डाच्या वर देवाची तसबीर होती, तिच्या मागे ती बशी ठेवलेली असायची. चहा आला की मास्तर ती काढत, टॉवेलानं पुसत, स्वतःच्या ग्लासातला अर्धा चहा तिच्यात ओतत आणि समोर बसलेल्यांपैकी एकाकडे सरकवत. "घे." ज्याला मिळाली त्याला का मिळाली हे ते कधी सांगत नसत. पण सगळ्यांना कळायचं. त्या दिवशी कुणाचं काम कसं झालं हे कारीगरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. काही दिवस बशी कुणाकडेच जात नसे. मास्तर एकटेच फुर्र करून दोन्ही संपवत, आणि त्या दिवशी सगळं खातं मान खाली घालून बसलेलं असायचं.

अर्ध्या चहाची ती काय मातब्बरी! पण मी डोळ्यांनी पाहिलं आहे, बशी मिळालेला माणूस उठला की त्याची चाल बदललेली असे. बलराम नावाचा एक ओरिसाचा कारीगर होता. त्याला मराठी येत नव्हती, अहिराणी तर नाहीच नाही. कित्येक महिने तो नुसता बघत होता. ज्या दिवशी बशी त्याच्यापुढे सरकली त्या दिवशी त्यानं ती दोन्ही हातांनी उचलून आधी कपाळाला लावली आणि मग तोंडाला. कुणी त्याला काही समजावून सांगितलं नव्हतं.

ह्या बशीची कीर्ती शेठच्या मुलाच्या कानावर गेली. छोटे शेठ नुकतेच शिकून आले होते आणि त्यांना कारीगरांसाठी काही तरी करायची फार हौस होती. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाजारातून कप-बश्यांची खोकी आणली आणि हिंदीत फर्मावलं, "मास्तर, एक आदमी को क्यूं? सबको दो ना!" झालं. सगळ्यांपुढे गुलाबाच्या फुलांच्या नव्याकोऱ्या बश्या. पहिल्या दिवशी सगळे खूश. दुसऱ्या दिवशी कुणी तरी म्हणालं, बश्या आल्या, बिस्किटं कुठायत? आठवड्याभरात निम्म्या फुटल्या आणि उरलेल्या कुणाकुणाच्या घरी पोहोचल्या. छोटे शेठ खट्टू झाले. त्या सगळ्या काळात मास्तरांची टवका उडालेली बशी आपल्या जागी होती, आणि ती खाली आली की बोलणं थांबायचं.

आता गुलाबचं सांगायला हवं. सांगायचं आहे ते खरं त्याच्यासाठीच.

गुलाब मास्तरांचा भाचा, बहिणीचा मुलगा. त्याचा बापही पूर्वी सुरतेतच कारीगर होता. संच्याच्या पट्ट्यात हात सापडून त्याची बोटं गेली, तो गावी परतला आणि पुढे वारला. मग बहिणीनं पोरगा भावाच्या पदरात घातला. मी खात्यात लागलो तेव्हा गुलाब चांगला बाप्या झाला होता; लग्न झालेलं, डिंडोलीत मास्तरांच्या गल्लीतच खोली. बोलका, हसरा, थोडा मिजासखोरसुद्धा. पण हात असा की तुटलेली सुताची तार तो बघता बघता जोडायचा, आणि कान तर मास्तरांचेच उसने घेतल्यासारखे. मास्तर खोडी करून ठेवत, तो चहाच्या आधी शोधून काढी. मग तोही मास्तरांच्या संच्यात खोडी करून ठेवी आणि मास्तर ती शोधत. दोघे एक शब्द न बोलता दिवसचे दिवस हा खेळ खेळत. मामा-भाच्यांना तेवढं एकच बोलणं येत होतं, आणि ते दोघांना आवडत होतं.

एवढं असून गुलाबला बशी कधी मिळाली नाही. एकदाही नाही. सगळ्यांना मिळाली, झाडूवाल्याला मिळाली, एका पावसाळ्यात गळकं छप्पर नीट केलं म्हणून मलाही मिळाली. गुलाबला नाही. लोक आधी म्हणायचे, भाचा आहे, पक्षपात नको म्हणून देत नसतील. मग म्हणायला लागले, मास्तरांचं त्याच्याशी काही तरी बिनसलंय. गुलाब हसण्यावारी न्यायचा. पण चहाच्या वेळी त्याचे डोळे बशीवर असायचे, हे माझ्यासारख्या कोपऱ्यात बसणाऱ्याला दिसायचं.

आणि एक गोष्ट होती. शनिवारी मास्तर लिंबू-मिरची आणून बांधायचे, ती नेमकी गुलाब ज्या संच्यावर असेल त्याच्यावर. संचा बदलला की लिंबूही बदलायचं. गुलाबला त्याचा राग यायचा. एकदा मला म्हणाला, "मना हातवर भरोसा नही मामाले. लिंबूवर शे."

प्लेगची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट असेल. सात नंबरच्या संच्याला खोड लागली. चालता चालता मध्येच त्याचा धोटा उडून बाहेर यायचा. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारं, लोखंडी टोकाचं लाकूड. तो लागला तर डोळाच जायचा. मास्तरांनी सगळं बदलून पाहिलं. बाहेरचा फिटर आणला. काही केल्या थांबेना. कारीगर म्हणायला लागले की ह्याच्यात काही तरी शिरलंय, आणि शेठ तो भंगारात घालायला निघाले.

गुलाब म्हणाला, मला बघू द्या.

तो आपलं काम संपवून सातपाशी बसायचा. नुसता बसायचा. कुणी म्हणे ध्यान लावलंय. एके दिवशी त्यानं माझ्याकडून वाटी मागून नेली, तिच्यात पाणी घालून ती संच्यावर ठेवली आणि बघत राहिला. सात एकटा चालला की पाणी जेमतेम थरथरायचं. शेजारचा आठ चालू झाला आणि दोघांचा ठेका जुळला की वाटीतलं पाणी एका बाजूला हिंदकळायचं. खोड संच्यात नव्हतीच! त्याच्या एका पायाखालची जमीन आतून पोकळ झाली होती. आठचा ठेका मिळाला की सात तेवढ्यापुरता कलायचा आणि धोटा वाट चुकायचा. गुलाबनं तिथली फरशी उचकटून खाली दगड-सिमेंट ठासलं. सात पुन्हा सुरू झाला, आठही सुरू झाला, आणि धोटा जो आपल्या वाटेनं धावायला लागला तो अख्खी पाळी धावला.

त्या दुपारी चहा आला तेव्हा सगळे आधीच जमून बसले होते. बलराम सरकून बसला आणि त्यानं गुलाबला मास्तरांच्या समोर जागा करून दिली. गुलाबनं हात धुतले होते. साबण लावून धुतले होते. कारखान्यात चहाला कोण साबण लावतं? मास्तरांनी बशी काढली, पुसली, चहा ओतला. त्यांचा हात गुलाबकडे निघाला. मी खरं सांगतो, निघाला होता. बशी अर्ध्या वाटेत थांबली, चहा काठावर आला, आणि मग ती वळून बलरामपुढे गेली.

"घे."

बलरामला काही सुचेना. तो गुलाबकडे बघायला लागला. गुलाब हसला, म्हणाला, "पी ना भाई, ठंडी हो जायेगी," आणि उठून सातपाशी गेला.

मला इतका संताप आला की मी मास्तरांना गाठून दोन शब्द सुनावले. माणसं का राबतात, तुम्हाला काही कळतं का, असंही बोललो. मास्तर ऐकून घेत राहिले. मग गोदामातल्या ताक्यांवर बसले आणि सांगायला लागले.

गुलाबच्या बापाला, म्हणजे आपल्या मेहुण्याला, त्यांनीच काम शिकवलं होतं. दोघे एकाच संच्यावर मोठे झाले. दोघांत एक चहा घ्यायचे, कप मेहुण्याचा, बशी ह्यांची. मेहुण्याचा हात ह्यांच्यापेक्षा चांगला होता. एक दिवस सगळ्यांसमोर मास्तरांना राहवलं नाही.

"त्याना हातले तोड नही, आसं मीच बोलनू. बठासना समोर," ते म्हणाले. "त्याच आठवडामा हात पट्टामा गया."

मी म्हटलं, "अहो, पट्टा उघडा होता म्हणून गेला. तुमच्या बोलण्यानं नाही."

"तुम्हले समजाव नही, मेहताजी." मग टॉवेलाची घडी घालत म्हणाले, "ह्याना हात बापपेक्षा चांगला शे. बशी दिधी आनि काही व्हयनं, तर बहिनले काय सांगू?"

म्हणजे लिंबू त्यासाठी होतं. बशी थांबली तीही त्यासाठी. ज्याचं कौतुक सगळ्यांत जास्त होतं त्याच्यावर कौतुकाची सावलीही पडू द्यायची नाही, असा हा जपायचा प्रकार. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, बरोबरच आहे त्यांचं, कुणाची दृष्ट लागेल सांगता येतं का? आमच्याकडे हे असं आहे.

त्यानंतर गुलाब बिघडला म्हणावं असं काही घडलं नाही. वेळेवर यायचा, सांगितलं ते करायचा, आणि तेवढंच करायचा. मास्तरांनी सवयीप्रमाणे त्याच्या संच्याचा नट ढिला करून ठेवला. मी पाहत होतो. गुलाब आला, त्यानं संचा चालू केला. एका बाजूला मान कलती करून तो क्षणभर थांबलासुद्धा, म्हणजे त्याला ऐकू आलं होतं. मग त्यानं मान सरळ केली आणि संचा तसाच चालू ठेवला. संध्याकाळी ताका माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात वीतभर अंतरानं आडवी रेघ पडत गेली होती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मास्तरांनी ते कापड बोटांमधून सरकवलं. माझी खात्री होती, आता शिव्यांचा पट्टा सुटणार. त्यांनी ताका पुन्हा नीट गुंडाळला आणि बाजूला ठेवला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

पुढच्या महिन्यात गुलाबनं खातं सोडलं. भिवंडीला गेला असता, दुसऱ्या खात्यात गेला असता तर समजलं असतं. तो कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात लागला. ज्याला संच्याची नाडी कळत होती तो माणूस हिरा घासायला, आणि तेही शिकाऊ म्हणून!

मी त्याला भेटायला गेलो. हिऱ्यात त्याचा हात साधारणच होता, हे त्यानंच सांगितलं. मग इथे का? तो म्हणाला, इथला मॅनेजर काठियावाडी आहे, येता-जाता पाठीवर थाप मारून "वाह, गुलाबभाई, सरस!" म्हणतो. सगळ्यांनाच म्हणतो.

"मग त्यात काय राहिलं?" मी विचारलं.

"काहीच नही," तो म्हणाला. "पन कोनी बोलस तरी."

मी त्याला बापाच्या हाताची, त्या बोलण्याची, लिंबाची, सगळी हकिकत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली. डोळे भरून आले त्याचे. मला वाटलं, आता येईल परत. तो म्हणाला, "कारन समजनं, मेहताजी. पन कारनवर तहान भागस का?"

पुढे मीही कारखान्याकारखान्यांतून बक्षिसं पाहिली, भिंतीवर लावलेले फोटो पाहिले. माणसाला पैसा लागतो हे तर आहेच. पण एका माणसाच्या तोंडून एक शब्द यावा म्हणून कुणी पाण्याच्या वाटीकडे दिवसेंदिवस बघत बसतो, आणि तो शब्द येत नाही म्हटल्यावर अंगातली विद्या फेकून देतो, हे मला गुलाबनं दाखवलं. वाईट ह्याचं वाटतं की मास्तरांच्या मनात तो शब्द होता. तो नसता तर दुःख कमी झालं असतं.

गुलाब गेल्यावर मास्तरांनी खोडी करणं सोडलं. बशी खाली यायची, पण कुणाहीपुढे सरकायला लागली, आणि कारीगरांनाही ते कळलं. मास्तरांचा दमा वाढला. आयुष्यभर कापसाची धूळ खाल्लेली. शेवटी शेठनं त्यांना घरी बसायला सांगितलं. ते निघाले तेव्हा तसबिरीमागून त्यांनी फक्त बशी घेतली. वर्षाच्या आत ते गावी गेले आणि तिकडेच वारले.

पण गावी जायच्या आधी आमच्या खात्याच्या एका सुट्टीच्या दिवशी ते माझ्या दारात आले. हातात रुमालाचं गाठोडं. म्हणाले, "कतारगाम चालशात का मनासंगे?"

त्या दिवशी शेवटी गुलाब कारखान्यात परत गेल्यावर जे झालं ते मी त्याला नंतर सांगितलं, तर तो हसला. "मामा? शक्यच नही," म्हणाला. मी तिथे उभा होतो, म्हणून लिहितो.

कारखान्यासमोर चहाची लारी होती. जेवणाच्या सुट्टीत गुलाब बाहेर आला, मामांना पाहून थबकला, वाकून पाया पडला. बहिणीची खुशाली झाली, पोरांची झाली. मग मास्तरांनी चहा सांगितला. रुमाल सोडला. बशी काढली, पुसली, आणि आपल्या ग्लासातला अर्धा चहा तिच्यात ओतला. थोडा चहा लारीच्या पत्र्यावर सांडला. ह्या वेळी बशी अर्ध्या वाटेत थांबली नाही.

"घे."

गुलाब तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं ती उचलली आणि चहा प्यायला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत होते. ते कशाची वाट बघत होते हे मला कळत होतं. आता हा म्हणेल, चला मामा, येतो मी. गुलाबनं लारीच्या पिंपातल्या पाण्यानं बशी धुतली, आपल्या सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातात दिली. मामांच्या हातात द्यायचा त्याला धीर झाला नसावा.

"चालस, मामा," तो म्हणाला, आणि आत गेला. दार बंद झालं.

मास्तर त्या दाराकडे बघत उभे होते. मग लारीवाल्याकडे वळून, खात्यात बोलायची सवय असलेल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हाऊ मना भाचा शे. आख्खी सुरतमा याना सारखा हात कोनाच नही!"

लारीवाला गुजराती, त्याला अहिराणी कुठली कळायला. त्यानं दूध ढवळता ढवळता मान वर केली. "शुं कह्युं, काका?"

मास्तरांचा चेहरा एकदम भेदरल्यासारखा झाला. त्यांनी घाईघाईनं दोन्ही हात त्या बंद दारावरून ओवाळले आणि कानशिलांवर टेकवून बोटं कडाकडा मोडली, एकदा, आणि खात्री वाटेना म्हणून पुन्हा एकदा. आत हिरे घासायच्या चाक्या सुरू झाल्या होत्या. बशी माझ्या हातात होती, अजून ओली.